तेवीस भिलाईंमागे एक

२०११च्या जनगणनेत भिलाई महापालिकेची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास भरली. त्याच जनगणनेत अख्ख्या छत्तीसगडमधल्या दिव्यांगांची संख्याही सव्वासहा लाखांच्या आसपासच निघाली. म्हणजे पोलाद कारखाना, सेक्टरमधली घरं, शाळा, बाजार धरून भिलाईत जेवढी माणसं राहतात, तेवढी या एका राज्यात दिव्यांग. पहिलं शहर नागपूर-रायपूर गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. दुसरं घराघरांत विखुरलेलं, म्हणून दिसत नाही.

देशाचा आकडा २ कोटी ६८ लाख, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. हा बहुधा कमीच असावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर सहा माणसांत एक दिव्यांग आहे. व्याख्या वेगळी, मोजायची रीत वेगळी. तरी आपण लहान आकडाच घेऊ, तोच पुरेसा गरगरवणारा आहे.

२०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकला भारताचे ८४ खेळाडू गेले. तोवरचं आपलं सर्वांत मोठं पथक. आता भागाकार करा: सुमारे ३ लाख १९ हजार दिव्यांगांमागे एक खेळाडू. भिलाईएवढ्या शहरात राष्ट्रीय सरासरीने १३,८०० दिव्यांग असतील. तेव्हा पॅरिसला एक माणूस पोहोचवायला २३ भिलाई लागतात.

पदकांचा हिशेब मात्र उलट दिशेने धावतो. १९६८ साली तेल अवीवला भारत पहिल्यांदा उतरला, तेव्हापासून २०१६च्या रिओपर्यंत आपली एकूण पदकं १२. जवळजवळ अर्ध्या शतकात एक डझन! मग टोकियोत १९ आणि पॅरिसमध्ये २९. दोनच स्पर्धांत ४८, आधीच्या सगळ्यांच्या चौपट. ही चढण अचाटच आहे, आणि तिच्यामागे पैसाही आहे: टोकियोच्या तयारीवर केंद्र सरकारचे २६ कोटी खर्च झाले होते, पॅरिसच्या तयारीवर ७४ कोटी. खेळाडूमागे सुमारे ८८ लाख. हेच ७४ कोटी देशातल्या सगळ्या दिव्यांगांत वाटून पाहिले, तर डोई २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा हिशेब जरा खट्याळपणाचा आहे, कारण तो पैसा निवडलेल्या खेळाडूंसाठीच होता. पण निवड होण्याआधीच्या मुलांसाठी काय होतं, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

पॅरालिंपिक म्हणजे ऑलिंपिकची धाकटी आवृत्ती, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक आकडा. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये साडेदहा हजार खेळाडू आणि ३२९ सुवर्णपदकं होती. पॅरालिंपिकमध्ये खेळाडू सुमारे ४,४०० आणि सुवर्णपदकं ५४९! कारण साधं आहे. हात नसलेला, कमरेखाली लुळा पडलेला आणि अजिबात न दिसणारा, अशा तिघांना एकाच शर्यतीत उतरवण्यात अर्थ नाही. म्हणून दिव्यांगत्वाचे वर्ग पाडतात आणि दर वर्गाची शर्यत वेगळी होते. एकट्या पोहण्याची सुवर्णपदकं होती १४१.

त्या १४१ शर्यतींसाठी भारताचा जलतरणपटू गेला एक. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेला हा मुलगा ५० मीटर बटरफ्लाय पोहतो. पथकात पोहणारा दुसरा कुणीच नव्हता.

ज्या देशाचं पॅरालिंपिकमधलं पहिलंच पदक पाण्यातून आलं, त्याची ही स्थिती आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्याशी रुतून बसली आणि कमरेखालचं शरीर गेलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. परदेशी स्पर्धांच्या खर्चासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट पुढे आले. १९७२ला जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापलं आणि विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. पद्मश्री मिळायला त्यानंतर ४६ वर्षं लागली. आजवरच्या ६० पदकांत पोहण्याचं पदक एवढं एकच.

त्यांच्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने पॅरिसमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकला आणि रौप्य घेतलं. सुवर्ण ६ सेंटिमीटरनी हुकलं. गोळाफेकीला गोळा आणि मोकळं मैदान पुरतं. पोहायला पाणी लागतं, आणि त्याआधी पाण्यापर्यंत जायची वाट लागते. पदकांच्या यादीत अॅथलेटिक्स सर्वांत पुढे आणि पोहणं तळाला असण्यामागे माझ्या मते हेच मोठं कारण आहे. गुणवत्ता करमाळ्यात सापडते, मग ती भिलाईशेजारच्या दुर्गमध्येही सापडेलच की.

भिलाईकरांना हे सांगायला नको. तिथल्या श्रीमंत झा यांनी पॅरा पंजाकुस्तीत आंतरराष्ट्रीय पदकं मिळवली आहेत. पण पंजाकुस्ती पॅरालिंपिकमध्ये नाही, त्यामुळे त्या ६०मध्ये त्यांचं एकही धरलं जात नाही. बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिंपिकचंही तसंच. २०२३च्या बर्लिन स्पेशल ऑलिंपिकमधून भारताचे १९८ खेळाडू २०२ पदकं घेऊन परतले, त्यांत ७६ सुवर्ण. तिथे खेळाडूंचे गटच जवळपास सारख्या कुवतीचे पाडतात, म्हणून पदकं जास्त निघतात हे खरं. तरी २०२ पदकांचं पथक घरी येतं आणि गावाला पत्ता नसतो, हे काही बरं लक्षण नाही.

आता खालच्या पायरीकडे, अगदी शब्दशः. तलावाची उथळ बाजू साधारण एक मीटर खोल धरली, तर चाकाच्या खुर्चीला पाण्यात उतरायला १२ मीटर लांबीचा उतार हवा. एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी, हे सरकारी मार्गदर्शक सूत्रच आहे. आंधळ्या जलतरणपटूला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून काठावरून एक जण काठीने त्याच्या अंगावर हलकेच टोचतो. त्या काठीच्या टोकाला स्पंजचा गोळा किंवा टेनिसचा चेंडू अडकवलेला असतो. पॅरिसमध्येही हेच, काठी तेवढी चकचकीत. टोचणारा मात्र सरावाचा हवा: क्षणभर आधी टोचलं तर वेग जातो, उशिरा टोचलं तर डोकं आपटतं. म्हणजे साहित्य शंभर-दोनशे रुपयांचं, आणि रोज पहाटे तासभर काठावर उभा राहणारा एक माणूस. यादीतली महाग वस्तू हा माणूसच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळाच्या सोयींची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पहाटे काठी घेऊन उभं राहण्याची ती कुणावर टाकता येत नाही.

भिलाईच्या कारखान्यात तुकडे जोडून २६० मीटर लांबीचा रूळ तयार होतो. एवढ्या लांबीत १२ मीटरचे २१ उतार बसतात. भिलाई असो, सांगली असो की तुमचं गाव, जवळच्या जलतरण तलावावर जा आणि दोनच गोष्टी विचारा: पाण्यात उतरायला उतार आहे का, आणि दिव्यांग मुलांसाठी राखलेली वेळ कोणती? उत्तर नकारार्थी आलं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि जमत असेल तर काठी धरायला आपलं नाव त्यातच लिहा.