अंगात मुक्कामाला असलेले विषाणू

पाथरीपासून कोल्हापूरपर्यंत कुणाच्या बरगडीवर पुरळाचा पट्टा उठला की निदान घरातच होते: नागीण. गेरूचा लेप लागतो, मंत्र घातला जातो आणि घरातली म्हातारी माणसे पट्ट्याच्या दोन्ही टोकांवर डोळा ठेवून बसतात. टोके जुळली तर माणूस दगावतो, असा समज. प्रत्यक्षात ती जवळजवळ कधीच जुळत नाहीत. पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. डावा तंतू डावीकडची कातडी सांभाळतो, उजवा उजवीकडची. विषाणू सहसा एकाच तंतूच्या वाटेने वर येतो, म्हणून पट्टा छातीच्या मध्यावर येऊन थांबतो.

हा विषाणू नव्याने आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या आल्या, खपल्या पडल्या, पोर खेळायला लागले. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत जाऊन बसला. तिथे तो ४०-५० वर्षे गप्प राहू शकतो. वय वाढले किंवा आजाराने, औषधांनी प्रतिकारशक्ती खालावली की तो पुन्हा उठतो. हे सूत्र मांडले एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या छोट्या गावच्या डॉक्टरांनी. सुमारे ३,५०० लोकांच्या नोंदी त्यांनी १६ वर्षे ठेवल्या, त्यात नागिणीचे १९२ रुग्ण सापडले आणि १९६५ मध्ये निष्कर्ष छापून आला. प्रमाण निघाले वर्षाला दर हजारी ३.४. हाच दर धरला, तर ४० हजार वस्तीच्या गावात वर्षाला १३६ नागिणी होतात.

आणि हा झाला एकच विषाणू. तोंडावर जर उठवणारा नागिणीचा भाऊबंद जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांत आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९६४ मध्ये सापडलेला एपस्टीन-बार विषाणू दहातल्या नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तपेशींत आयुष्यभर राहतो. आपल्या शरीरात पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि विषाणू १० लाख कोटींच्या घरात. त्यातले बहुतेक आपल्याला शिवतही नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंवर जगतात.

मुक्काम याहूनही खोलवर आहे. आपल्या जनुकसंचात सुमारे ३२० कोटी अक्षरे आहेत. एक अक्षर एक मिलिमीटरचे धरले, तर ३,२०० किलोमीटरची ओळ होते, म्हणजे जवळजवळ भारताची दक्षिणोत्तर लांबी. शरीरातली प्रथिने घडवणारा मजकूर त्यात दीड टक्का, ४८ किलोमीटर; पाथरीहून मानवतमार्गे परभणी गाठण्याइतका. पूर्वजांच्या पेशींत शिरून कायमचे राहिलेल्या प्राचीन विषाणूंचे अवशेष मात्र ८ टक्के, तब्बल २५६ किलोमीटर! नागिणीच्या विषाणूचा अख्खा मजकूर या मापाने जेमतेम १२५ मीटर भरतो.

त्या अवशेषांतला एक तुकडा आपल्या कामीही येतो. अडीच कोटी वर्षांहून आधी शिरलेल्या एका विषाणूचे जनुक आज गर्भवतीच्या वारेत ‘सिन्सिटिन’ हे प्रथिन बनवते. त्याच्यामुळे वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग थर होतो आणि त्या थरातून आईचे अन्न बाळापर्यंत पोचते. २००० साली हे उघड झाले. माणसाच्या जन्मालाच विषाणूचा हातभार लागतो, यापेक्षा थक्क करणारी गोष्ट मला माहीत नाही.

हे सहजीवन टिकते ते आपली प्रतिकारशक्ती रात्रंदिवस पहाऱ्यावर असते म्हणून. पहारा ढिला पडला, तर वेळ दवडू नका. नागिणीवर विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगला गुण येतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसची लसही आता भारतात मिळते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.