जुन्या वाड्यांत नवें बिऱ्हाड

वडिलोपार्जित वाडा कांहीं वर्षें ओस पडला, कीं घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, “पाडून टाकूं.” दुसरा म्हणतो, “आजोबांचा वाडा आहे, राखूं.” निर्णयापूर्वीं दोघांनींहि एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. वाड्याचा घात वयापेक्षां ओल अधिक करते. आणि ती ओल पुष्कळदां प्रेमानें केलेल्या दुरुस्तीमुळेंच भिंतींत कोंडलेली असते.

पुण्याचा पेशवेकालीन वाडा घ्या. खालीं दगडी जोतें, वर सागवानी खांब नि तुळया, मध्यें विटामातीच्या भिंती आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. पेशवाई १८१८ सालीं संपली. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें. तेव्हां ज्या गवंड्यांनीं त्या भिंती रचल्या, त्यांना हा पदार्थ ठाऊकच नव्हता; आणि त्यांच्या भिंतींना तो मानवतहि नाहीं.

चुन्याच्या गिलाव्याला सूक्ष्म छिद्रें असतात. पावसाळ्यांत भिंत जी ओल पिते, ती पुढें त्याच वाटेनें बाहेर टाकते. वर सिमेंटाचा जाड लेप दिला, कीं ही वाट बुजते. बाहेरून भिंत तुकतुकीत दिसते. आंत मात्र माती सुटते आणि भिंतींत गेलेलीं तुळयांचीं टोकें कुजूं लागतात. तुळई खचली, कीं तक्तपोशीहि खचते. मग आपण म्हणतों, वाडा मोडकळीस आला!

म्हणून दुरुस्तीचा क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम पाणी आवरावें: कौलें चाळून घ्यावीं, पन्हळी मोकळ्या कराव्या, जोत्यालगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. नंतर भिंतींना सुकण्यास एक उन्हाळा तरी द्यावा. मग लांकूड पाहावें. तुळईचें टोंक कुजलें असेल, तर तेवढेंच कापून सागाचा सांधा देतां येतो. सबंध तुळई काढण्याची घाई करूं नये. शेवटीं गिलावा, आणि तोहि चुन्याचाच.

नव्या सोयींना वाड्यांत मज्जाव नाहीं. स्नानगृहें व शौचकूप परसाच्या बाजूस, एकावर एक येतील असे करावे. नळ भिंतींत पुरूं नयेत. उघडे ठेवले, तर गळती त्याच दिवशीं दिसते. चौकावर मात्र कायमचें छप्पर घालूं नये. सगळ्या खोल्यांना उजेड आणि वारा तेथूनच मिळतो.

येत्या पावसाळ्यांत आपल्या वाड्यांत एकदां सावकाश हिंडून पाहा. पाणी कोठून आंत येतें आणि त्याला बाहेर जावयास वाट आहे काय, एवढेंच न्याहाळा. पाडावा कीं राखावा, हा वाद त्यानंतर घालावा.