नवी स्विफ्ट चांगली की जुनी? मालकांचं मत ऐकण्याआधी विचारा, 'आधी कोणती गाडी होती?'

सेलू (प्रतिनिधी) : सोयाबीन, कापसाचे पैसे हातात आले की तालुक्यात दोन चर्चा हमखास सुरू होतात. एक बोअरची आणि दुसरी गाडीची. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्यामुळं 'यंदा गाडी काढायचीच' म्हणणारे वाढलेत. आणि गाडी म्हटलं की एमएच २२ च्या नंबर प्लेटवाली स्विफ्ट गावागावांत दिसतेच, म्हणून चर्चा तिच्यावर येऊन थांबते.

पण या नव्या स्विफ्टबद्दल दोन मालकांचं एकमत होत नाही. एकजण ॲव्हरेजची तारीफ करतो, तर दुसरा म्हणतो पिकअपच राहिला नाही. तिसऱ्याला गाडी थरथरते असं वाटतं आणि चौथ्याला तीच गाडी एकदम मऊ लागते. यातलं खोटं कुणीच बोलत नाही. फक्त प्रत्येकजण नव्या गाडीची तुलना आपल्या आधीच्या गाडीशी करतो, आणि ती आधीची गाडी प्रत्येकाची वेगळी असते.

नेमकं बदललं काय?

स्विफ्ट भारतात आली मे २००५ मध्ये. २०११ ला दुसरी, २०१८ ला तिसरी आणि ९ मे २०२४ ला चौथी पिढी आली. सध्या 'नवी स्विफ्ट' म्हणतात ती हीच चौथी. बाहेरून ओळखायची सोपी खूण म्हणजे मागच्या दाराची कडी. तिसऱ्या पिढीत ती वर काचेच्या मागं काळ्या पट्टीत लपवलेली होती. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना ती सापडायचीच नाही. नव्या गाडीत कडी परत दारावर आली. मालकांना विचारलं तर हा बदल कुणालाच नको वाटत नाही.

लांबी १५ मिलिमीटरनं वाढून ३८६० झाली. पण पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर आहे तेवढंच, २४५० मिलिमीटर. म्हणून आत बसायला जागा वाढली असं समजू नये. डिकी तर २६८ लिटरची २६५ लिटर झाली. म्हणजे मागं तिघं बसले तर मधल्याचे हाल पूर्वी व्हायचे तसेच आजही होणार. वरच्या मॉडेलात मागच्या सीटला एसीची हवा येते, एवढा मात्र उन्हाळ्यात मोठा आराम. मे महिन्यातली परभणी जिल्ह्यातली दुपार ज्यांनी मागच्या सीटवर काढली, त्यांना याचं मोल सांगावं लागत नाही.

खरा बदल बोनेटखाली आहे. आधी चार सिलिंडरचं १२०० सीसी पेट्रोल इंजिन होतं. आता १२०० सीसीचंच, पण तीन सिलिंडरचं आहे. सगळा वाद इथून सुरू होतो.

डिझेलवाल्यांची तक्रार

सगळ्यात जास्त नाराज आहेत ते जुने डिझेलवाले. त्यांच्या १३०० सीसी डिझेल इंजिनची ताकद कागदावर ७५ हॉर्सपॉवरच होती, पण टॉर्क होता १९० न्यूटन मीटर. टॉर्क म्हणजे ओढ. नव्या पेट्रोल गाडीची ओढ सुमारे ११२ आहे. शिवाय डिझेलची ओढ २००० आरपीएमलाच मिळायची, नव्या पेट्रोलला त्यासाठी ४३०० पर्यंत इंजिन फिरवावं लागतं. पाचजण बसवून, डिकीत दोन पोती टाकून चौथ्या गिअरमध्ये ट्रक मागं टाकायची ज्याला सवय, त्याला नवी गाडी मेलेली वाटणारच.

पण ही तुलनाच आता उपयोगाची नाही. बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा, २०२० मध्ये, कंपनीनं डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. डिझेल स्विफ्ट हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते, आणि त्यातली नव्यातली नवी गाडीही आता पाच वर्षांपुढची आहे. नवी घेणाऱ्या डिझेलवाल्यानं एक सवय लावून घ्यावी. ओव्हरटेक करताना एक गिअर खाली आणायचा, मग पाय द्यायचा. चौथ्यातच रेटत राहिलं तर गाडी ओढत नाही आणि पेट्रोलही जास्त पिते.

पेट्रोलवाल्यांत दोन गट

२०२१ ते २०२४ मधली पेट्रोल स्विफ्ट ज्यांच्याकडं होती, त्यांना ९० हॉर्सपॉवरची सवय. नवीची ताकद ८२. हायवेला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हा फरक कळतो, त्यांची तक्रार खरी आहे. पण २०१८ ची पेट्रोल गाडी होती ८३ हॉर्सपॉवरची. त्या मालकांना ताकदीत काहीच कमी वाटत नाही. एकाच चावडीवर दोघंही 'जुनी पेट्रोल स्विफ्ट चालवली' म्हणतात आणि दोघांचं मत उलटं निघतं, त्याचं कारण एवढंच.

तिसरा गट मोटारसायकल, मारुती ८०० किंवा अल्टोवरून थेट नव्या स्विफ्टवर आलेल्यांचा. हे बहुतेक खुश आहेत. त्यांना थरथर जाणवत नाही, कारण ८०० आणि अल्टो ८०० याही तीन सिलिंडरच्याच होत्या.

आता थरथरीचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, एकामागं एक, त्यामुळं इंजिन शांत वाटतं. तीनमध्ये दोन स्फोटांतलं अंतर वाढतं आणि तोलही थोडा एका बाजूला जातो. म्हणून गाडी उभी असताना, एसी चालू असताना स्टिअरिंगला आणि सीटला हलकी थरथर लागते. वेग घेतला की कमी होते. हा बिघाड नाही, बांधणीच तशी आहे. गावातली बरीचशी ट्रॅक्टरं, मॅसी २४१ असो की स्वराज ७४४, तीन सिलिंडरवरच नांगर ओढतात. 'तीन सिलिंडर म्हणजे लवकर खलास' हे बोलणं म्हणूनच पोकळ आहे. सिलिंडर कमी म्हणजे घासणारे भाग कमी, आणि तेवढं पेट्रोल वाचतं. कंपनीनं बदल केला तो त्यासाठीच.

ॲव्हरेज वाढलं, पण किती रुपयांनी?

कंपनीचा दावा लिटरला २४.८० किलोमीटर, ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला २५.७५. आधीच्या, २०२१ च्या गाडीचा दावा होता २३.२०. हे आकडे चाचणीतले आहेत. खड्डे, एसी आणि पाच माणसं यात ते मिळत नाहीत, आणि आधीच्या गाडीलाही मिळत नव्हते.

परभणी जिल्ह्यात पेट्रोल राज्यातल्या सगळ्यात महागड्या ठिकाणांत मोडतं, कारण टँकर लांबून मनमाडकडच्या डेपोतून येतात. म्हणून इथं ॲव्हरेजचं कौतुक जास्त. पण हिशोब करून बघा. महिन्याला १००० किलोमीटर गाडी चालली, तर जुन्या दाव्यानं ४३ लिटर लागतं, नव्या दाव्यानं ४० लिटर. वाचलं तीन लिटर. लिटरला १०६ रुपये धरले तरी महिन्याला सव्वातीनशेच्या आत. ज्याची गाडी महिन्यातून लग्नकार्य आणि दवाखान्यापुरतीच निघते, त्याला तेवढेही नाहीत. नुसत्या ॲव्हरेजसाठी चांगली चालणारी जुनी पेट्रोल स्विफ्ट विकून नवी घ्यायचा विचार असेल, तर तो हिशोबात बसत नाही.

अजून एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं घटतं. '२०१८ ला माझी गाडी इतकं द्यायची' ही तुलना करताना तेव्हाचं पेट्रोलही वेगळं होतं, हे लक्षात ठेवावं. नवी गाडी या पेट्रोलसाठीच बनवलेली आहे.

खालून घासते का?

हा प्रश्न शहरातल्या मालकापेक्षा सेलूतल्या मालकाला जास्त महत्त्वाचा. गाडीची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंचांच्याही आत. तीही रिकाम्या गाडीची. पाचजण आणि सामान बसलं की गाडी दबते. वालूरकडचा असो की पाथरीकडचा, डांबरी रस्ता असेल तर अडचण नाही. पण काळ्या मातीतल्या पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरनं दोन चाकोऱ्या पाडल्या की मधला उंचवटा वाळून दगडासारखा होतो. तिथं स्विफ्ट काय, कुठलीही हॅचबॅक खालून घासते. शेतापर्यंत रोज गाडी न्यायची असेल त्यानं मालकांची मतं गोळा करत बसू नये, ही गाडी त्या कामाची नाही.

टायरबाबत मात्र एक गंमत आहे. खालच्या मॉडेलला १४ इंची चाक आणि १६५/८० टायर येतो, वरच्याला १५ इंची अलॉय आणि १८५/६५. दिसायला अलॉय भारी. पण रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची मोजली तर १४ इंचीला १३२ मिलिमीटर भरते आणि १५ इंचीला १२०. खड्ड्यात गाडी आदळली की हे जास्तीचं रबर रिम वाचवतं. लोखंडी रिम वाकली तरी ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला की खर्च मोठा. दोन्ही टायरांची एकूण उंची जवळपास सारखीच आहे, त्यामुळं मोठ्या चाकानं गाडी उंच होते हाही गैरसमजच. आपल्याकडच्या रस्त्यांना स्वस्त मॉडेलचं चाकच जास्त शहाणं.

सीएनजीवाल्यांचं काय?

सीएनजी स्विफ्ट सप्टेंबर २०२४ मध्ये आली. दावा किलोला ३२.८५ किलोमीटर. गॅसवर ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास उरते आणि डिकीत टाकी बसते. रोज ठरलेल्या रस्त्यानं जाणारा नोकरदार खुश, लग्नसराईत बॅगा घेऊन फिरणारं कुटुंब नाखुश, असा सरळ हिशोब आहे. घेण्याआधी आपल्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठं आहे आणि रांग किती लागते, हे स्वतः जाऊन बघावं. टाकीची दर ३ वर्षांनी तपासणीही करावी लागते.

सहा एअरबॅग

थरथर, पिकअप, ॲव्हरेज यावर तासन् तास बोलणारे मालक ज्या बदलावर कमी बोलतात, तो सगळ्यात मोठा आहे. नव्या स्विफ्टच्या सगळ्यात स्वस्त मॉडेललाही सहा एअरबॅग, गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएसपी यंत्रणा आणि पाचही जागांना खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत. आधीची दोन एअरबॅगची स्विफ्ट डिसेंबर २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळवू शकली होती.

इथं एक घोटाळा होतो. नव्या डिझायरला पाच तारे मिळाले आहेत, आणि इंजिन तेच म्हणून काहीजण ते तारे स्विफ्टलाही लावतात. प्रत्येक गाडीची चाचणी वेगळी असते, एकीचे तारे दुसरीला लागत नाहीत. तसंच मोबाईलवर हायब्रीड स्विफ्टचे, आपोआप ब्रेक मारणाऱ्या स्विफ्टचे व्हिडिओ फिरतात. त्या जपान-युरोपातल्या गाड्या. आपल्याकडच्या स्विफ्टला यातलं काही नाही.

आणि एअरबॅग बेल्टच्या भरवशावर काम करते. बेल्ट नसेल तर माणूस उघडणाऱ्या पिशवीवर आदळतो. आपल्याकडं मागच्या सीटवर चार-चार माणसं बसवायची रीत आहे. बेल्ट तीनच आहेत.

हप्त्याची बाजू

मे २०२४ मध्ये सुरुवातीची किंमत ६.४९ लाख होती, जीएसटी कमी झाल्यावर ती ५.७९ लाखांच्या आसपास आली. ही शोरूमची किंमत. पेट्रोल गाडीला राज्याचा ११ टक्के रोड टॅक्स लागतो, तोच साठ हजारांपुढं जातो. वर विमा. चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साडेसहा हजार आणि एकूण व्याज दीड लाखाच्या जवळ.

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, कापूस वर्षातून एकदा. काही फायनान्सवाले शेतकऱ्याला सहामाही हप्ता लावून देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. सही करण्याआधी विचारावं, आणि मुदतीआधी पैसे भरले तर दंड किती तेही लिहून घ्यावं.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेकजण एकटे जातात, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून परत येतात. घरची चार माणसं सोबत न्यावीत, आईला मागं बसवावं, एसी लावावा, स्पीड ब्रेकर असलेला रस्ता निवडावा आणि गाडी उभी करून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवावं. थरथर खपण्यासारखी आहे की नाही आणि गाडी खालून घासते का, हे तिथंच कळतं.