गल्लीचा नकाशा
धुळे हे शहर पांझरा नदीच्या तीरी आहे. सन 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने येथे खानदेशचे ठाणे केले व नवी पेठ आखून वसविली. तिच्या समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात. आखणी सुरेख खरी. पण नदीने तिची पर्वा केली नाही. 1872 च्या महापुरात शेकडो घरे वाहून गेली.

जळगावच्या विद्यापीठातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी शाळेतील मुलांना वस्तीची आखणी शिकवावयाची, तर आरंभ येथूनच करावा. गल्ली पावलांनी मोजावी; घरे, नळ, गटारे कागदावर मांडावीत. मग वृद्धांना विचारावे, पाणी कोठवर चढले होते? तेथून निळी रेघ ओढावी. शाळा कोठे नको, हे मुलांना तत्काळ उमगते. रेघेच्या आत कोणाची घरे आहेत, तेही दिसते.