ब्रून्स, निकोलाउस

(डिसेंबर १६६५–२९ मार्च १६९७). उत्तर जर्मनीतील बरोक काळचा चर्च-संगीतकार, ऑर्गन व व्हायोलिनवादक. श्लेस्विगमधील श्वाबश्टेट या खेड्यात, संगीतव्यवसायी घराण्यात जन्म. वडील तेथील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते. १६८१ मध्ये तो ल्यूबेक येथे गेला. तेथे नगरपालिकेच्या वाद्यवृंदात असलेल्या पीटर या चुलत्याकडे त्याने तंतुवाद्यांचे, तर सेंट मेरी चर्चचा विख्यात ऑर्गनवादक बुक्स्टहूडे याच्याकडे ऑर्गन व संगीतरचनेचे शिक्षण घेतले. त्याच्याच शिफारशीवरून काही वर्षे कोपनहेगन येथे काढल्यावर १६८९ मध्ये हूझुम येथील चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्याची एकमताने निवड झाली. कील शहराने त्याला लवकरच अधिक वेतनाचे आमंत्रण दिले. पण हूझुमकरांनी वेतन वाढवून त्याला ठेवून घेतले. लहानशा बंदराच्या गावाने एका वादकासाठी इतकी ओढाताण करावी, यावरून त्या काळी चर्चमधील ऑर्गनवादकाला असलेला मान ध्यानात येतो.

त्याच्या वादनाविषयी माटेझोन याने १७४० मध्ये एक आख्यायिका नमूद केली आहे. ब्रून्स ऑर्गनपुढे बसून हातांनी व्हायोलिनवर एकाच वेळी अनेक स्वर काढी आणि पायांनी ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर खर्जाची साथ करी. श्रोत्यांना अनेक वादक वाजवीत असल्याचा भास होई. ब्रून्सच्या मृत्यूनंतर चार दशकांनी लिहिलेली ही हकीकत ऐकीव असली, तरी ती अशक्य कोटीतील नव्हे. उत्तर जर्मन ऑर्गनमध्ये पायपट्ट्यांना स्वतंत्र नळ्यांचे संच जोडलेले असत. त्यामुळे खर्जाचा संपूर्ण भाग केवळ पायांनी वाजविता येई व दोन्ही हात मोकळे राहत.

शिवाय त्याच्या रचनांचीही तीच साक्ष आहे. ‘माइन हेर्त्स इस्ट बेराइट’ या सत्तावन्नाव्या स्तोत्रावरील रचनेत एका खर्जगायकाबरोबर एकच व्हायोलिन आहे. परंतु त्यावरील जोडस्वरांमुळे ते एकटे वाटत नाही. ई मायनरमधील मोठ्या प्रेल्यूडमध्ये कमान तारांवरून झरझर फिरावी तसे विखुरलेल्या स्वरसंघातांचे आलेख ऑर्गनवर उमटतात. जी मेजरमधील प्रेल्यूडच्या सहा पदरी फ्यूगमध्ये दोन्ही पायांना एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवावे लागतात. असे वादन जमणाऱ्यासच असे लिहिणे सुचावे.

वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी हूझुम येथे त्याचे निधन झाले व त्याच्या जागी त्याचा भाऊ गेओर्ग याची नेमणूक झाली. आज त्याच्या बारा गायनरचना आणि जेमतेम चार संपूर्ण ऑर्गनरचना उपलब्ध आहेत. त्या इतरांनी केलेल्या हस्तलिखित नकलांतून टिकल्या. त्याची बहुतेक निर्मिती नष्ट झाली असावी; कारण चर्चच्या नित्य उपासनेसाठी केलेले संगीत छापण्याची फारशी प्रथाच नव्हती. तथापि योहान सेबास्टिआन बाखच्या १७५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखात, ऑर्गनरचनेत त्याने ज्यांना आदर्श मानले त्यांत बुक्स्टहूडे व राइंकेन यांच्याबरोबर ब्रून्सचेही नाव आहे. हूझुमचे ते जुने चर्च १८०७ मध्ये पाडण्यात आले.