वैरण, बया आणि पहिली ओवी

गगनबावड्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे त्याला वेगळे सांगायला नको. आषाढात घाटमाथ्यावर धुके उतरले की समोरचे घर दिसत नाही. अशा दिवसांतही नाचणी दळल्यावाचून भाकरी नव्हती. कोंबडा आरवण्याआधी आयाबाया जात्यावर बसत आणि घरघरीबरोबर ओवी सुरू होई.

पुढे गिरणी आली, बायकांचे हात मोकळे झाले. हे चांगलेच झाले. जात्याचे कष्ट कोणी परत मागू नयेत. पण जात्याबरोबर ओवी गेली आणि तिचे शब्द नातींना परके झाले.

‘ओवी’ शब्दाचे नाते ‘ओवणे’शी सांगतात. दोऱ्यात मणी ओवावेत तसे बोल ओवायचे. ही रीत फार जुनी. इ.स. ११२९ च्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे.

‘वैरण’ म्हटले की आज गुरांचा चारा आठवतो. जात्याची वैरण म्हणजे त्याच्या तोंडात टाकायचे मूठभर धान्य. ‘खुंटा’ म्हणजे जाते फिरवायचा लाकडी दांडा. दोघी समोरासमोर बसून तो धरत. दगड झिजून गुळगुळीत झाला की ‘टाकी’ लावून तो पुन्हा खरबरीत करावा लागे.

नात्यांचे शब्द तर जिव्हाळ्याचे. ‘बया’ म्हणजे आई, ‘मावळण’ म्हणजे आत्या, ‘कंथ’ म्हणजे नवरा. ‘राघू’ म्हणजे मुलगा आणि ‘मैना’ म्हणजे लेक. नवऱ्याचे नाव घ्यायची सोय नव्हती, सासूपुढे तोंड उघडायची तर नव्हतीच. जे माणसांना सांगता येत नव्हते ते बाईने दगडाला सांगितले.

ओव्या मोजून गायच्या. पहिली ओवी मानाची, ती बहुधा देवाला जाई. इथेच आपल्या आयाबहिणींनी मोठे काम केले. गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत. त्यांत मानाची जागा बाबासाहेबांना आणि बुद्ध-धम्म-संघाला आहे. जाते तेच, चाल तीच. मान कोणाला द्यायचा हे मात्र बाईने स्वतः ठरवले. अक्षर न शिकलेल्या बाईने लिहिलेला हा आपला इतिहासच आहे.

भगिनींनो, घरात आजी असेल तर आज तिच्याजवळ बसा. वही घ्या. ओवी तिच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवा; शुद्ध करू नका. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारा आणि शेजारी लिहून ठेवा. चाल कानात राहील, पण अर्थ आजीबरोबर गेला तर तो सांगायला कोणी उरणार नाही.