ओंवलेल्या अलंकारांची घडण व त्यांचें साधनमूल्य

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, निवाडे व जमाखर्च यांबरोबर दागिन्यांच्या याद्या सांपडतात. लग्नांत सुनेस घातलेले, वांटणींत विभागलेले, सावकाराकडे गहाण ठेविलेले किंवा देवास वाहिलेले जिन्नस त्यांत नांव, नग व वजन देऊन लिहिलेले असतात. संशोधक बहुधा हीं पानें उलटून पुढें जातो. संग्राहक तीं किरकोळ समजून रुमालाच्या तळाशीं ठेवितो. इकडे त्याच घराण्यांतील दागिन्यांचा डबा सोनाराकडे जातो, जुनी माळ सुटी होते, सोनें आटविलें जातें, मणी व खडे निरनिराळे विकले जातात. कागद एकीकडे व वस्तु दुसरीकडे होऊन दोहोंचाही अर्थ अपुरा राहतो. हें नुकसान लहान नाहीं. राजकीय कागदांत स्त्रियांचीं नांवें क्वचितच येतात. पण दागिन्यांची यादी ही पुष्कळदां त्यांच्या मालकीचा एकमेव लेखी पुरावा असते. मिताक्षरेंत व नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखांत स्त्रीधनाची जी चर्चा आहे, तिचें प्रत्यक्ष व्यवहारांतील रूप या याद्यांतच पाहावयास मिळतें. म्हणून ओंवलेला अलंकार कसा घडतो, त्याचा कोणता भाग कशाची साक्ष देतो, आणि दोरा तोडण्यापूर्वीं काय टिपून ठेवावें, याचा येथें थोडक्यांत विचार केला आहे.

ओंवलेल्या अलंकारांत तीन प्रकारच्या भागांची जुळणी असते. पहिला भाग मणी. दुसरा भाग मण्यांच्या मध्यें किंवा अग्रभागीं येणारें पान, पेटी, पदक किंवा नाणें. तिसरा भाग या सर्वांस धरून ठेवणारा दोरा, त्याच्या गाठी व गोंडा. अलंकाराचें नांव बहुधा पहिल्या दोहोंपैकीं एकावरून पडतें. बोराच्या घाटाचे मणी ती बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्याएवढे मणी ती जोंधळी पोत. मोठ्या वाटोळ्या मण्यांचा एकच सर ती एकदाणी. ठुशींत बारीक सुवर्णमणी इतके दाटीनें बसवितात कीं आंतील दोरा दिसूं नये. चिंचपेटींत मोत्यांच्या पेट्या एकीशेजारीं एक गळ्यालगत बसतात. तन्मणींत मोत्यांचे कांहीं सर एकत्र येऊन पुढें जडावाचें खोड लोंबतें. यादी वाचणारास हे भेद ठाऊक नसतील तर ‘सर’, ‘पदर’, ‘पेटी’, ‘खोड’ या शब्दांपुढील आंकडे कशाचे, हें त्यास उमगणार नाहीं. ‘पदर तीन’ म्हणजे तीन दागिने नव्हेत. एकाच दागिन्याचे तीन सर होत.

या जुळणीस कांहीं नियम आहेत, आणि ते शोभेइतकेच सोयीचेही आहेत. मोठा मणी मध्यभागीं, व मानेकडे जातां जातां लहान, असा उतार ठेविल्यानें भार पुढें राहून माळ फिरत नाहीं. मोठ्या दोन मण्यांमध्यें बारीक मणी घातला असतां माळ सहज वळते व मण्यांच्या कडा एकमेकींवर घांसत नाहींत. मानेवर येणारा भाग सोन्याचा न करितां रेशमाचा ठेवितात. त्यामुळें सोनें वांचतें आणि सरकगाठीनें लांबी कमीजास्त करितां येते. कोल्हापुरी साज हें या पद्धतीचें उत्तम उदाहरण होय. त्यांत दोन पानांच्या मध्यें मणी येतो. पानांची पूर्ण संख्या परंपरेनें एकवीस सांगतात: दहा अवतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, एक माणकाचें, एक पाचूचें व एक ताइताचें. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, नाग, भुंगा, बेलपान, कारलें, वाघनख अशीं त्यांतील आकृतींचीं नांवें आहेत. एखाद्या जुन्या साजांत पानें कमी असतील, किंवा एकच आकृति दोनदां येऊन दुसरी गळली असेल, तर तो साज मोडून पुन्हां गांठविला असावा, असा संशय घेण्यास जागा होते.

हे अलंकार एका हातचे नसतात. मणी व पान सोनाराचें. ओंवणी व गांठवणी पटवेकऱ्याची. सोनाराचा पोकळ मणी ठशावर ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून होतो, आणि दबूं नये म्हणून त्यांत लाख भरितात. यामुळें यादींतील वजन वाचतांना सावधगिरी हवी. आठ गुंजांचा मासा व बारा मासांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या गुंजा ९६. यादींत बोरमाळेचें वजन पांच तोळे चार मासे लिहिलें आहे असें समजूं. इ. स. १८३३ सालीं १८० ग्रेनांचा ठरलेला तोळा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, धरिला तर हें वजन सुमारें ६२ ग्रॅम भरतें. परंतु तें लाख व रेशीम धरून आहे कीं वगळून, हें ठरविल्याशिवाय त्यावरून सोन्याची किंमत काढणें व्यर्थ आहे. शिवाय १८३३ पूर्वींचा तोळा सर्वत्र सारखा नव्हता. तात्पर्य, हातीं असलेल्या माळेचें वजन यादीशीं जुळलें नाहीं एवढ्यावरून ती माळ निराळी ठरत नाहीं.

आतां मण्यांच्या द्रव्याकडे वळूं. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तांत पैठणाहून गाड्यांनीं भडोच बंदरास जाणाऱ्या पट्टेदार अकीक दगडांचा उल्लेख आहे. तगराचें, म्हणजे आजच्या तेरचें, कापडही त्याच वाटेनें जाई. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या संग्रहालयांत त्या काळच्या वस्तु पाहावयास मिळतात. पुढें या धंद्याचें मुख्य ठाणें खंबायत झालें. राजपिपळ्याजवळील रतनपूरच्या खाणींतला दगड तेथें येई. तो उन्हांत वाळवून मडक्यांत घालीत व शेणाच्या गोवऱ्यांची धग देत. दगडांतील लोहांशामुळें त्यास तांबडा रंग चढे. मग जमिनींत तिरपा रोंवलेल्या लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीनें टवके काढीत, घांसून आकार देत, आणि अग्रास हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसविलेल्या सामत्यानें धनुकलीच्या साह्यानें भोंक पाडीत. झिलईसाठीं मणी चामड्याच्या पिशवींत घालून दोन माणसें ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवीत; हल्लीं तें काम विजेवर फिरणारीं पिंपें करितात.

या कृतीचे ठसे मण्यावर राहतात, आणि तेच संग्राहकाच्या उपयोगाचे आहेत. दगडी मण्यास दोन्ही बाजूंनीं भोंक पाडीत असल्यानें मध्यें बहुधा किंचित् ठेंच राहते. दोऱ्याच्या घर्षणानें भोंकाच्या कडा गुळगुळीत झाल्या असल्यास मणी दीर्घकाळ वापरांत होता. कडा तीक्ष्ण असल्यास तो नवा किंवा न वापरलेला. तांबड्या अकिकावर पांढऱ्या रेघांची नक्षी असलेल्या मण्यांचा प्रकार विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. खार व वनस्पतीचा रस यांच्या लुकणानें रेघा काढून मणी निखाऱ्यांत तापविला कीं त्या कायमच्या पांढऱ्या होतात. सिंधमधील सेहवान येथें ही कृति जाणणारा एक वृद्ध कारागीर विसाव्या शतकांत मॅके यांस भेटला होता. अशा मण्यांचे कालविभाग बेक यांनीं १९३३ सालीं मांडले, आणि हिंदुस्थानांतील मण्यांचा स्वतंत्र अभ्यास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९४९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून प्रसिद्ध केला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचें १९४५-४६ मधील उत्खनन डॉ. सांकळिया व दीक्षित यांनींच केलें होतें.

कांचेच्या मण्यांचा निर्णय भिंगानें होऊं शकतो. कांचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडलेले असतील तर आंतील बुडबुडे भोंकाच्या दिशेनें लांबट दिसतात. वितळलेली कांच सळईभोंवतीं गुंडाळून मणी केला असेल तर बुडबुडे व रेषा भोंकाभोंवतीं वळलेल्या असतात. मोत्यांविषयीं एक मर्यादा निश्चित आहे. जपानांत शिंपलींत गोल बीज घालून वाढविलेलें वाटोळें मोतीं बाजारांत येऊं लागलें तें सुमारें १९२० च्या सुमारास. भोंकांतून पाहतां आंतील बीज व वरचा पातळ थर यांमधली रेघ दिसली, तर तें मोतीं पेशवाईंतलें असणें शक्य नाहीं, मग विकणारा कांहींही सांगो.

नाण्यांच्या माळेंत तर काळ लिहिलेलाच असतो. पुतळी हें नाणें मुळांत व्हेनिसचें सोन्याचें डुकाट होय. तें १२८४ सालीं प्रथम पाडलें गेलें व १७९७ सालीं तें प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत चालू राहिलें. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढें गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तेथील राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळांत तारकांमध्यें उभा ख्रिस्त असतो. या मनुष्याकृतींवरूनच आपल्याकडे ‘पुतळी’ हें नांव रूढ झालें. सभासद बखरींतील खजिन्याच्या यादींतही पुतळ्या येतात. अस्सल नाण्यावर त्या त्या डोजचें नांव असल्यानें नाणें कोणाच्या कारकीर्दींतलें, हें सांगतां येतें. परंतु आपल्या सोनारांनीं या नाण्याच्या नकला पुष्कळ केल्या. त्यांत लॅटिन अक्षरें मोडून नुसत्या उभ्या रेघा होतात व आकृति बाहुलीसारख्या दिसतात. अशा नकलेस खोटी म्हणून टाकून देऊं नये. ती परकीय नाण्याची बनावट असली तरी देशी अलंकाराची अस्सल घडण आहे.

एवढें जाणून घेतल्यावरही एक अडचण उरते. मणी टिकाऊ असतो. पणजीच्या माळेंतला मणी नातीच्या माळेंत येतो. म्हणून सर्वांत जुन्या मण्यावरून माळेचा काळ ठरवितां येत नाहीं. माळ तिच्यांतील सर्वांत नव्या भागाहून जुनी नसते, एवढेंच विधान निरपवाद आहे. पण तो नवा भाग मूळ जुळणींतला कीं मागाहून दुरुस्तींत आलेला, हें कोण सांगणार? तें दोराच सांगूं शकतो. सबंध माळेंत दोरा एकच, गाठींची धाटणी एकच, तर जुळणी एका वेळची. मध्येंच दोऱ्याचा रंग, पीळ किंवा गाठ बदलली असेल तर तेथें दुसरा हात लागला आहे.

दोऱ्याचें महत्त्व केवढें आहे, हें नेवासें येथील उत्खननानें दाखवून दिलें. तेथें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांतील एका बालकाच्या दफनांत गळ्याभोंवतीं तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. तांब्याच्या गंजामुळें आंतील धाग्याचा अंश टिकला होता. त्याची परीक्षा झाली तेव्हां त्यांत रेशीम व कापूस यांचे तंतू आढळले. पुणें जिल्ह्यांतील चांडोली येथें १९६०-६१ सालीं उत्खनन झालें. तेथील तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूंचा दोरा निघाला. मणी धुवून स्वच्छ करण्याच्या हौसेंत तो गंज कोणी काढून टाकिला असता, तर महाराष्ट्रांतील वस्त्रतंतूंच्या इतिहासाचे हे दोन प्राचीन पुरावे हातचे गेले असते. तेथें मण्यांहून दोऱ्यानेंच अधिक सांगितलें.

यावरून संग्राहकाचें कर्तव्य सहज निघतें. पोथीचीं सुटीं पानें अंक घातल्याशिवाय कोणी दोरी सोडून पसरीत नाहीं. माळेसही तोच न्याय लावावा. प्रथम संपूर्ण माळेचें पुढून, मागून व गाठींजवळून छायाचित्र घ्यावें. मग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत प्रत्येक मणी व पान यांचा क्रम, द्रव्य, लांबीरुंदी व भोंकाची स्थिति लिहावी. वजन दोऱ्यासह एकदां व सुटें झाल्यावर पुन्हां असें दोनदां करावें. दोरा जीर्ण झाला असेल व ओंवणी बदलणें अवश्य असेल, तर ती जाणत्या पटवेकऱ्याकडून त्याच क्रमानें करवावी. जुना दोरा, गोंडा व कापलेल्या गाठी टाकून न देतां कोऱ्या कागदांत गुंडाळून, तारीख घालून, माळेजवळच ठेवाव्या. मणी पाण्यानें किंवा आम्लानें उजळूं नये. घरांतील वृद्ध स्त्रियांकडून दागिन्याचें, पानांचें व गाठींचें नांव त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावें. कोशांत न आलेले शब्द तेथें मिळतात.

शेवटची गोष्ट कागदाविषयीं. दप्तर विकत घेतांना दागिन्यांची यादी वेगळी काढूं नये, व अलंकार विकत घेतांना त्याची यादी आहे काय हें विचारण्यास संकोचूं नये. दोन्ही एकाच ठिकाणीं राहणें शक्य नसेल तर यादीची नक्कल डब्यांत व माळेचें टिपण दप्तरांत ठेवावें. ज्या संग्राहकांजवळ अशा याद्या असतील त्यांनीं त्या मूळ शब्द न बदलतां, आंकडे व मापें जशींच्या तशीं ठेवून, प्रसिद्ध कराव्या, अशी विनंति आहे. यादींत ज्या सुनेचें किंवा लेकीचें नांव असेल, तें मात्र किरकोळ म्हणून वगळूं नये.